सगळेच ओळखीचे

मुंबई-पुण्याकडचे लेखक-प्राध्यापक मित्र मालवणला येतात तेव्हा पहिल्या दिवशी किल्ला पाहतात, दुसऱ्या दिवशी तारकर्लीला जातात आणि तिसऱ्या दिवशी, कुडाळहून परतीची गाडी गाठण्यापूर्वी, आमच्या पडवीत चहा घेताना ठरलेले वाक्य उच्चारतात : 'तुमचे एक बरे आहे, लिहायला-वाचायला इथे किती निवांतपणा!' हे वाक्य ऐकून मी इतकी वर्षे हसून मान डोलावत आलो. पाहुण्याचा हिरमोड कशाला करा, हा एक भाग. आणि आपण राहतो त्या जागेची दुसऱ्याने केलेली स्तुती खोडून काढण्याचे धैर्य सहसा होत नाही, हा दुसरा. अलीकडे मात्र या वाक्याचा मला त्रास होऊ लागला आहे. निवांतपणा आहे, हे खरेच. पण निवांतपणा हीच लिहिणाऱ्याची मुख्य गरज असती, तर या मातीत जन्मलेले बहुतेक महत्त्वाचे लेखक मुंबईच्या लोकलच्या गर्दीत आणि दोन-दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांत राहून का लिहीत राहिले, याचे उत्तर कुणीतरी द्यायला हवे.

गैरसोयींची यादी देण्यासाठी हा लेख नाही. ती सर्वांना पाठ आहे आणि तिच्यावर व्याख्यान द्यायला इथले कोणतेही चहाचे दुकान पुरेसे आहे. १ मे १९८१ रोजी जिल्हा स्वतंत्र झाला, १९९७मध्ये देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून त्याची घोषणा झाली, १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, ऑक्टोबर २०२१मध्ये चिपीच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. आणि या प्रत्येक तारखेला 'आता दिवस पालटणार' असे आम्हांला सांगण्यात आले. काही पालटलेही. तरी अजून आमच्याकडे 'बांबोळीला नेले' एवढे म्हटले की ऐकणारा पुढे काही विचारत नाही. आजार किती गंभीर आहे हे गोव्यातल्या त्या सरकारी रुग्णालयाच्या नावातच आलेले असते. २०१८च्या सुरुवातीला गोवा सरकारने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा आपण कोणत्या राज्यात राहतो आणि कुणाच्या आधारावर जगतो याचा इथल्या लोकांना नव्याने विचार करावा लागला.

मालवणापुरते बोलायचे तर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आगबोटीच्या काळात हे मुंबई-गोवा वाटेवरचे बंदर होते. बोट धक्क्याला लागत नसे, होडीतून उतरावे लागे, वांत्या होत. पण वाटेवरचे गाव ते वाटेवरचे. आगबोटी बंद झाल्या. रेल्वे आली ती आतून, कणकवली-कुडाळवरून, महामार्गही तिकडूनच. मालवण तिथून तीसएक किलोमीटर आत, समुद्राच्या कडेला राहिले. वाटेवरचे गाव एका पिढीत वाटेच्या टोकाचे गाव झाले. वाटेवरच्या गावात परके लोक येतात, थांबतात, पुढे जातात. टोकाच्या गावात एक तर आपले माणूस येते किंवा पर्यटक येतो. पर्यटकाला मी परका म्हणत नाही. तो आपल्याला पाहायला आलेला असतो, त्यामुळे आपण त्याच्यासमोर 'मालवणी' होऊन वावरतो.

या 'परक्या'पाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण आमच्या निमशहरी जगण्यातली खरी उणीव तीच आहे असे माझे मत झाले आहे. पुस्तकांचे दुकान नाही, चांगले नाटक वर्षातून दोनदा येते, विद्यापीठ पाचशे किलोमीटरवर कालिन्याला आहे, या उणिवा आता पूर्वीइतक्या बोचत नाहीत. पुस्तक घरपोच येते. २०२०च्या टाळेबंदीत तर पुण्यातल्या चर्चासत्राला मी लुंगीवर बसून हजेरी लावली. पण कुरिअरने अनोळखी माणूस मागवता येत नाही. आणि साहित्य, विशेषतः समीक्षा, अनोळखी माणसावाचून चालत नाही.

माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगतो. सुमारे दहा वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा कवितासंग्रह प्रसिद्ध झाला. एका स्थानिक दिवाळी अंकाने मला त्यावर लिहायला सांगितले. मी तेव्हा तासिका तत्त्वावर राबून नुकताच कायम झालो होतो आणि समीक्षकाच्या बाण्याविषयी माझ्या कल्पना पुस्तकी होत्या. मी संग्रह दोनदा वाचला आणि प्रामाणिकपणे लिहिले की यातल्या बहुतेक कविता म्हणजे पाडगावकरांच्या लयीवर आरती प्रभूंचा काळोख शिंपडून केलेल्या रचना आहेत; तीन कविता मात्र कवीच्या स्वतःच्या आहेत आणि त्यांत शाळेच्या घंटेवरची एक फार चांगली आहे. आजही तो लेख वाचला तर त्यातले एक वाक्य मी बदलणार नाही.

अंक बाहेर पडल्यावर काहीच झाले नाही. भांडण नाही, निषेध नाही, उत्तरादाखल लेख नाही. झाले ते असे : पहिल्या आठवड्यात बाजारात मासे विकणाऱ्या बाईंनी बांगडे निवडता निवडता विचारले, 'सर, आमच्या हेडमास्तरांका तुमी वायट म्हटलास काय ओ?' त्या बाईंनी लेख वाचलेला नव्हता, कविताही वाचल्या नव्हत्या. त्यांचे दोन्ही मुलगे त्या गुरुजींच्या हाताखाली शिकून नोकरीला लागले होते. मग लक्षात आले की माझ्या आईच्या रक्तदाबाची औषधे देणारे डॉक्टर गुरुजींचे पुतणे. आमच्या घरमालकीण त्यांच्या मानलेल्या बहीण. माझ्या वर्गातल्या चौघांचे पालक त्यांचे विद्यार्थी. कुणी माझ्याशी वाईट वागले नाही. सगळे फक्त थोडे जास्त औपचारिक झाले. पंधरा दिवसांनी स्वतः गुरुजी घरी आले, तासभर बसले, माझ्या मुलाला पाढे विचारले आणि उठताना म्हणाले, 'घंटेवरची तुम्हांला आवडली. ती मलाही आवडते.' यापेक्षा त्यांनी मला चारचौघांत शिव्या दिल्या असत्या तर मी समीक्षक म्हणून टिकलो असतो असे अजून वाटते.

त्यानंतर आजतागायत मी या जिल्ह्यातल्या एकाही पुस्तकावर परीक्षण लिहिलेले नाही. प्रस्तावना मात्र अकरा लिहिल्या. प्रस्तावनेत काय लिहितात हे आपणां सर्वांना ठाऊक आहे : 'आश्वासक', 'मातीशी नाळ', 'अनुभवांची सच्चाई'. या शब्दांचा एक साचा माझ्या संगणकात तयार आहे असे विद्यार्थी गमतीने म्हणतात. साचा नाही, पण गमतीत तथ्य आहे.

यावर कुणी म्हणेल की हे तर पुण्यातही होते, तिथेही समीक्षक आणि लेखक एकाच गटात चहा घेतात. होते, नाकारत नाही. फरक असा की पुण्यात गटाबाहेर पडले की रस्ता लागतो आणि रस्त्यावरच्या माणसाला तुमच्या परीक्षणाशी कर्तव्य नसते. वीस हजारांहून कमी लोकवस्तीच्या मालवणात गटाच्या बाहेर समुद्रच आहे. भरडावरून बंदराकडे जाताना ज्याला ज्याला भेटतो, त्याचा माझ्याशी एकाच नात्याने संबंध नसतो. प्रत्येकाशी तीन-तीन, चार-चार नाती असतात. तोच माझ्या विद्यार्थ्याचा बाप, तोच पतपेढीचा संचालक, तोच जत्रेच्या समितीवर आणि तोच हौशी कथालेखक. त्याच्या कथेवर बोलू लागलो की इतर तिन्ही नाती कान टवकारतात.

आता लेखकांकडे येतो. चिं. त्र्यं. खानोलकर १९३० साली वेंगुर्ले तालुक्यात जन्मले. कुडाळात त्यांच्या घरची खानावळ होती. पन्नासच्या दशकात त्यांच्या कविता 'सत्यकथे'त येऊ लागल्या त्या 'आरती प्रभू' या नावाने. या टोपणनावामागची कथा काहीही असो. मला त्यातली एक साधी सोय दिसते. ज्याच्या गल्ल्यावर दुपारी अर्धे कुडाळ जेवणाचे पैसे देते, त्याच्या कवितेतल्या व्याकुळतेची चौकशी त्याच गल्ल्यावर होऊ नये, यासाठी एक आडोसा हवा असतो. अर्थात हे माझे अनुमान आहे आणि त्यात माझा स्वतःचा चोरटेपणा मिसळला असण्याचा संभव आहे. पण पुढचे तर अनुमान नव्हे : १९५९ साली खानोलकर मुंबईला गेले, त्याच वर्षी 'जोगवा' आला, आणि ज्या कादंबऱ्यांत इथला काळोख, देवस्थाने, शाप आणि वासना पहिल्यांदा इतक्या उघडपणे आल्या, त्या 'रात्र काळी, घागर काळी' आणि 'कोंडुरा' मुंबईला गेल्यानंतरच्या आहेत. कोंडुरा हे वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरचे खरे ठिकाण. तिथल्या माणसांच्या मध्ये बसून ती कादंबरी लिहिता आली असती का, हा प्रश्न मी दरवर्षी वर्गात विचारतो. मुले गप्प बसतात. त्यांना उत्तर माहीत असते.

जयवंत दळवींचे गाव आरवली. 'सारे प्रवासी घडीचे' वाचताना आपण इतके हसतो की एक गोष्ट निसटते : ते पुस्तक लिहिणारा माणूस मुंबईत नोकरी करत होता. त्यातल्या बेरक्या, लोचट, विक्षिप्त आणि तरीही लोभस माणसांच्या शेजारी राहून, त्यांच्याच विहिरीचे पाणी पिऊन ते लिहायचे, तर प्रेमाचा भाग तेवढा शिल्लक राहिला असता आणि पुस्तक वाचनीय उरले नसते. गंगाराम गवाणकरांचे 'वस्त्रहरण' १९८० साली आले. गावातल्या नाटकाची ती फजिती मुंबईच्या रंगभूमीने उचलून धरली आणि मग ती आम्हांला इथे परत मिळाली. मच्छिंद्र कांबळींनी मालवणीला मिळवून दिलेल्या प्रतिष्ठेविषयी आदर बाळगूनही मला वाटते की त्यानंतर मालवणीत गंभीर काही लिहू पाहणाऱ्याची पंचाईत झाली. श्रोते पहिल्या वाक्यालाच हसायला तयार असतात.

उलट बाजूने वि. स. खांडेकरांचे उदाहरण हमखास दिले जाते. १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे ते शिरोड्याला शिक्षक होते आणि त्यांच्या सुरुवातीच्या कादंबऱ्या तिथेच लिहिल्या गेल्या. मग लहान गाव आड आले कुठे? पण खांडेकर सांगलीत जन्मलेले, बाहेरून आलेले मास्तर होते. आलेल्या मास्तराला गावात एक विशेष जागा असते. तो सर्वांचा असतो आणि कुणाचाच नसतो. शिवाय त्यांच्या कादंबऱ्यांतले गाव बहुतेकदा ध्येयवादाच्या उजेडात दिसते. ती मर्यादा त्यांच्या प्रकृतीची होती की शिरोड्याच्या वास्तव्याची, यावर कुणी शोधनिबंध लिहिला तर मी आनंदाने वाचेन.

दुसरे उदाहरण जी. ए. कुलकर्णींचे. आयुष्याचा मोठा काळ त्यांनी धारवाडला इंग्रजी शिकवण्यात घालवला आणि मराठी साहित्यव्यवहारापासून स्वतःला कसोशीने दूर ठेवले. धारवाड म्हणजे मुंबई नव्हे, हे खरे. पण कानडी मुलखात मराठी कथा लिहिणाऱ्याला भाषेनेच एक भिंत बांधून दिलेली असते. आजूबाजूच्या बहुसंख्य माणसांना ती कथा वाचायचीच नसते, त्यामुळे भाजी घेताना कुणी तिच्याविषयी विचारत नाही. जी.एं.ना जे मिळाले ते लहान शहराचे एकांतपण नव्हते, अनोळखीपण होते. या दोहोंतली गल्लत आमचे पाहुणे करतात आणि आम्हीही.

महाविद्यालयीन प्राध्यापकांनी तर नेमाड्यांचा चांगदेव पुन्हा वाचावा. 'बिढार', 'हूल', 'जरीला', 'झूल' या चारही कादंबऱ्या निमशहरी महाविद्यालयांचा आपल्या भाषेतला सर्वांत निर्दय पट आहेत, यात शंका नाही. पण चांगदेव नोकऱ्या बदलतो, गावे बदलतो, बिऱ्हाड उचलतो. त्याच्या निर्दयपणाला ही फिरतीची सोय आहे. आता कायम झालेला प्राध्यापक एका जागी तीस वर्षे काढतो, आणि जो कायम झालेला नाही तो तर बोलण्याच्याच स्थितीत नसतो. ज्या जागेवर आपण निवृत्त होणार आणि जिथे आपली तिरडी उचलायला तेच चौघे येणार, त्या जागेविषयी चांगदेवसारखे लिहून दाखवावे.

इथे कुणाचा असा समज होऊ नये की लहान गावाला स्वतःवर टीका करताच येत नव्हती. मला उलट वाटते. जुन्या गावापाशी त्यासाठी ठरवून दिलेल्या जागा होत्या. दशावतारात संहिता नसते. रात्री बारानंतर रंगात आलेला संकासूर देवादिकांची थट्टा करता करता गावातल्या मानकऱ्यांनाही चिमटे काढत असे आणि मानकरी पुढच्याच रांगेत बसून हसत. शिमग्याच्या बोंबांत वर्षभराचे साचलेले बाहेर पडे. देवळातल्या गाऱ्हाण्यात 'होय महाराजा' म्हणता म्हणता कुणाच्या मनातली कोणती सल बाहेर येईल याचा नेम नसे. आचऱ्याची गावपळण तर प्रसिद्धच आहे. दर चार वर्षांनी रामेश्वराचा कौल घेऊन सगळा गाव गुराढोरांसकट तीन दिवस-तीन रात्री वेशीबाहेर झोपड्यांत राहतो. पत्रकार तिच्यावर श्रद्धा की अंधश्रद्धा असे लेख लिहितात. चाकरमान्यांच्या स्थलांतराला तिची उपमा देणारे लेखही आता पुरे झाले. मला तिच्यातले वेगळेच आठवते. एकदा एका विद्यार्थ्याच्या आग्रहावरून मी एक रात्र त्यांच्या झोपडीत काढली होती. शेजारच्या दोन भावांचे कुंपणावरून वर्षानुवर्षे बोलणे बंद होते. त्या माळावर कुंपण नव्हते. रात्री शेकोटीपाशी ते दोघे कुंपणाविषयीच बोलत होते, आणि चांगल्या मोठ्या आवाजात.

निमशहराची गोष्ट अशी की त्याने या जुन्या जागा घालवल्या आणि नव्या मिळवल्या नाहीत. दशावतार आता महोत्सवात, वेळेच्या मर्यादेत, दीपप्रज्वलनानंतर होतो; दीपप्रज्वलन करणाऱ्याला चिमटा काढणारा संकासूर पुढच्या वर्षी निमंत्रण मिळण्याची आशा सोडूनच काढील. शहराचे वर्तमानपत्र, शहराची गर्दी, शहरातले अनोळखी वाचनालय यांतले काही इथे आले नाही. नगरपरिषद आहे, नाट्यगृह आहे, सदनिका आहेत, कॅफेही आहेत. पण एकमेकांना ओळखत नसण्याचा जो नागरी हक्क, तो नाही. गाव म्हणावे तर वाडीतले मोकळे भांडण संपले आहे, शहर म्हणावे तर मोकळे मौनही नाही.

डिसेंबर २०२३मध्ये नौदल दिनाच्या निमित्ताने राजकोटावर शिवरायांचा पुतळा उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. दोन्ही वेळा सगळ्या देशाचे कॅमेरे मालवणात होते. दोन्ही वेळा आमच्या गावाविषयी आम्ही बाहेरच्यांकडून ऐकले. घरांतून, पडव्यांतून, बंद दारांआड लोक खूप बोलले. मीही बोललो. माझ्या वहीत त्या आठवड्याची सात पाने आहेत. छापायला मी त्यांतली चार ओळीही दिल्या नाहीत.

हे सारे स्त्रियांच्या बाबतीत किती पटींनी वाढते याचा विचार पुरुष प्राध्यापकांनी फारसा केलेला नाही. मीही उशिराच केला. या जिल्ह्यात स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक, कारण पुरुष चाकरीला बाहेर. एकूण लोकसंख्याच २००१ ते २०११ या दशकात ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर उतरली. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षे राज्यात पहिला येतो. त्या गुणवंतांचे अभिनंदनाचे फलक नाक्यावरून उतरेपर्यंत ते गुणवंत पनवेलपलीकडे पोहोचलेले असतात. मागे राहणाऱ्यांत मुली जास्त, आणि मराठीच्या वर्गात तर जवळजवळ सगळ्या मुलीच. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थिनीला मी गौरी देशपांडे वाचायला सांगितले. महाविद्यालयातली प्रत कुणीतरी नेलेली होती, म्हणून तिने गावातल्या एका वाचनालयात विचारले. संध्याकाळपर्यंत तिच्या काकांना कळले होते की पोरगी 'तसली' पुस्तके मागते. तिथल्या कर्मचाऱ्याने वाईट हेतूने सांगितले असे मला वाटत नाही. काका रोज वर्तमानपत्र वाचायला येत; पुतणीचा विषय सहज निघाला असणार. आमच्याकडे एकोणिसाव्या शतकात स्थापन झालेली वाचनालये आहेत आणि त्यांचा मला सार्थ अभिमान आहे. परंतु आपण कोणते पुस्तक नेले हे गावाला कळणार, ही जाणीव मनात ठेवून केलेले वाचन हे अर्धेच वाचन असते.

प्रवीण बांदेकर सावंतवाडीत राहून, तिथेच अध्यापन करत 'चाळेगत' लिहितात आणि पुढे २०२२चा साहित्य अकादमी पुरस्कार 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या'ला मिळतो, हे माझ्या विधानाला मोठे उत्तर आहे. वसंत सावंतही सावंतवाडीतच राहिले आणि तिथूनच कविता लिहीत गेले. म्हणजे ही गोष्ट अशक्य नाही. मला एवढेच म्हणायचे आहे की तिची किंमत मुंबईतल्या लेखकाला पडते त्याहून वेगळी पडते आणि ती किंमत कुठल्याही पुरस्काराच्या मानपत्रात लिहिलेली नसते. आम्हां बाकीच्यांना ती परवडली नाही, हे 'निवांतपणा'च्या आड लपवण्यात अर्थ नाही.

आणि एका बाबतीत मी केवळ स्वतःपुरता भित्रा राहिलो नाही. माझ्या वर्गात देवबागकडची, मच्छीमार कुटुंबातली एक मुलगी होती. तिने तिसऱ्या वर्षाला असताना एक कथा लिहून आणली. दोन भाऊ : एक वडिलांबरोबर रापणीवर जाणारा, दुसरा पर्ससीन बोटीवर कामाला लागलेला. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांचा संघर्ष तेव्हा आमच्या किनाऱ्यावर टोकाला गेला होता. २०१६मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध आणले त्याच्या आसपासची ही गोष्ट. कथेत बैठक होते, त्या बैठकीत धाकट्याच्या बोटीवर दगड मारायचे ठरते, आणि थोरला ते जेवताना आईला सांगत नाही. एवढेच. भाषा ओबडधोबड होती, शेवट घाईत केलेला होता, पण ते जेवण मी विसरलेलो नाही. आईने धाकट्याच्या ताटात तळलेले तुकड वाढले आहे आणि थोरला त्याच्याकडे पाहत नाही.

घर कुणाचे हे किनाऱ्यावर कुणीही ओळखले असते. मी तिला सल्ला दिला की पर्ससीन काढ, जमिनीचा वाद घाल, किनारा कुठलाही दाखव, भाऊ चुलत कर. कारण म्हणून मी 'कलात्म अंतर' हा शब्द वापरला. शिकवणाऱ्याच्या हातात शब्द असतात. तिने सगळे बदलून आणले आणि त्या कथेला एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसरे बक्षीस मिळाले. कथा मेलेली होती. ते मला कळले होते, परीक्षकांना नाही. आणि तिला, मला वाटते, आमच्या सगळ्यांच्या आधी.

ती आता विरारला असते, एका खासगी कंपनीत काम करते. गेल्या जूनमध्ये तिने मला फोनवर ती मूळ कथा पाठवली, पुन्हा लिहिलेली, दुप्पट मोठी. पर्ससीन आहे, सख्खे भाऊ आहेत, वाडीचे नाव आहे. तळलेले तुकड आहे. खाली विचारले होते, 'सर, आता पाठवू का कुठे? आई अजून बाजारात बसते.' तिची आई मालवणच्या बाजारात बसते आणि मी रविवारी तिच्याकडूनच सुरमई घेतो. उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. 'पाठव, काही बदलू नकोस' असे लिहिले, आणि हे माझे धैर्य तिच्या आईच्या जिवावरचे आहे हेही त्याच क्षणी कळले. तिने कथा पाठवली आहे. कुठे, ते मी विचारलेले नाही.

माझ्या टेबलावर सध्या एका कवितासंग्रहाचे बाड आहे. बारावी प्रस्तावना. कवी माझ्या मुलाचे वर्गशिक्षक आहेत.